काचेपुढील काच
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात सुलतानपूर येथे दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाहखर्चातील काटकसर, व्यसनमुक्ती, शेतीपूरक धंदे अशा विषयांवर विद्वान वक्त्यांची भाषणे होत असतात. यंदा मंडळाने आम्हांसारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि सारे आयुष्य खडू-फळ्याच्या संगतीत घालविलेल्या शिक्षकास पाचारण केले, आणि विषय दिला तो कॅमेऱ्याच्या लेन्सवर बसविण्याच्या फिल्टरांचा! कित्येकांस याचे नवल वाटले असेल. समाजाच्या संमेलनात काचेच्या चकत्यांची चर्चा कशाला, असेही कोणी मनात म्हणाले असेल. यास्तव हा विषय निवडण्याची कारणे प्रथम सांगणे आमचे कर्तव्य आहे.

कारणे दोन आहेत. पहिले असे की, आपल्या समाजातील पुष्कळ तरुणांनी अलीकडे छायाचित्रणाचा धंदा पत्करला आहे. लग्न, साखरपुडा, बारसे, शाळेची गॅदरिंगे यांतून त्यांच्या घरची चूल पेटते. पतसंस्थेचे कर्ज काढून ते कॅमेरा व लेन्स घेतात. अशा महाग लेन्सपुढे अल्प किमतीची भलतीच काच बसली, तर कर्ज तेवढेच राहते आणि चित्र मात्र उतरते. दुसरे कारण आपणां सर्वांचे आहे. स्मरणिकेसाठी येणारी छायाचित्रे निवडण्याचे काम मंडळाने सेवानिवृत्तीनंतर आम्हांकडे सोपविले आहे. वडीलधाऱ्यांच्या स्मृतीसाठी पाठविलेल्या चित्रांत चेहऱ्याऐवजी काचेवरील झळाळीच दिसते, हे आम्ही वारंवार पाहतो. ज्या आजोबांचे एकच छायाचित्र घरात उरले आहे, त्यांचा चेहरा त्यात स्पष्ट दिसणे ही काही चैनीची बाब नव्हे.

आता मूळ गोष्टीकडे वळू. फिल्टर म्हणजे गाळणी. घरातील माउली पाणी गाळावयास घेते, तेव्हा फडके आधी स्वच्छ धुऊन घेते. मळक्या फडक्यातून गाळलेले पाणी न गाळलेल्या पाण्याहून वाईट, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. कॅमेऱ्याच्या गाळणीलाही हाच न्याय लागू आहे. लेन्स म्हणजे नुसते एक भिंग नसून एकामागे एक बसविलेल्या अनेक भिंगांचा मेळ असतो. तो मेळ जुळविणाऱ्या तज्ज्ञांनी प्रत्येक भिंगाची वक्रता, जाडी व अंतर हिशेबाने ठरविलेले असते. त्या हिशेबात आपण पुढे चढविलेली काच धरलेली नसते. यास्तव तेथे जी काच येईल तिने काही निश्चित काम केले पाहिजे, आणि ते करताना चित्राची कमीत कमी हानी केली पाहिजे. आजच्या व्याख्यानाचे सारे सार एवढेच आहे. पुढील विवेचन या एका वाक्याचा विस्तार समजावा.

फिल्टर योग्य असेल तर केवढे कार्य घडते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीस शाळाशाळांतून राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली त्या दिवशी लावलेल्या शोधाची ती स्मृती होय. हे रामन तरुणपणी सरकारी हिशेब खात्यात होते आणि काही काळ आपल्या विदर्भातील नागपूर येथेही नोकरीस होते. १९२१ साली विलायतेहून बोटीने परत येताना समुद्राचा गडद निळा रंग पाहून त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला. समुद्राचा निळेपणा म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे त्या काळचे मोठमोठे शास्त्रज्ञ मानीत. रामन यांच्याजवळ निकोलचा लोलक होता. पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश या लोलकाने अडविता येतो. त्यांनी तो डोळ्यापुढे विशिष्ट कोनात धरला आणि पृष्ठभागावरील आकाशाची झळाळी नाहीशी केली. पाहतात तो, समुद्राचा निळा रंग नाहीसा न होता अधिकच खुलला! निळेपणा खुद्द पाण्यातून येत होता. पाण्याचे कणच प्रकाश विखुरत होते.

पुढे १९२८ मध्ये के. एस. कृष्णन यांच्या साहाय्याने त्यांनी जो प्रयोग केला, त्यातही फिल्टरच कामी आले. सूर्यप्रकाशाच्या वाटेत निळा-जांभळा फिल्टर ठेवून तो प्रकाश द्रवपदार्थावर पाडला. दुसरा हिरवट-पिवळा फिल्टर असा निवडला की पहिल्यातून आलेला प्रकाश त्याने पूर्णपणे अडवावा. तो द्रवपदार्थ आणि निरीक्षकाचा डोळा यांच्यामध्ये धरला असता सर्वत्र अंधार दिसावयास हवा होता. परंतु प्रकाशाची अंधुक रेषा दिसली. याचा अर्थ द्रवात शिरलेल्या प्रकाशातील काही भागाचा रंगच पालटला होता. या शोधास १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या मुलांना आम्ही दरवर्षी येथे थांबवून विचारीत असू, 'तो दुसरा फिल्टर थोडासा जरी गळका असता, तर काय झाले असते?' मुले बरोबर उत्तर देत. दिसलेला प्रकाश नवा, की गाळणीतून निसटलेला जुनाच, हे कोणास सांगता आले नसते. गाळणीच्या गुणावर साऱ्या निष्कर्षाचा भार होता.

आता काचेने हानी कशी होते ते पाहू. कोणत्याही साध्या काचेच्या एका पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. काचेला पृष्ठभाग दोन, म्हणजे एका साध्या चकतीत सुमारे ८ टक्के प्रकाश वाया गेला. एकावर एक दोन फिल्टर चढविले तर हा आकडा जवळजवळ दुप्पट होतो. एवढा प्रकाश कमी झाल्याने फारसे बिघडत नाही. शटर थोडे अधिक वेळ उघडे ठेवले की भरपाई होते. खरी अडचण अशी की, परत फिरलेला प्रकाश दोन काचांच्या मध्ये भटकत राहतो आणि शेवटी चित्रावर नको तेथे पडतो. त्यायोगे काळा रंग राखाडी होतो, उजळ भाग मळकट दिसतो आणि चित्रावर पातळ धुके पसरल्यासारखे वाटते. यावर उपाय म्हणून चांगल्या फिल्टरांच्या दोन्ही पृष्ठभागांवर अतिसूक्ष्म थरांचे लेपन केलेले असते. यास मल्टिकोटिंग म्हणतात. उत्तम लेपनाने एका पृष्ठभागावरील परावर्तन अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. चार टक्के आणि अर्धा टक्का, हाच हलक्या व उत्तम फिल्टरमधील पहिला भेद होय.

दुसरा भेद काचेच्या सपाटपणाचा. फिल्टरचे दोन्ही पृष्ठभाग पूर्ण सपाट आणि एकमेकांस समांतर हवेत. खिडकीच्या जुन्या काचेतून पाहताना बाहेरचे झाड लहरते, हे आपण पाहिले आहे. तसाच अत्यंत सूक्ष्म लहरीपणा हलक्या फिल्टरात असतो. रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सवर तो सहसा जाणवत नाही. परंतु दूरचे जवळ आणणाऱ्या टेलिफोटो लेन्सवर त्याने चित्राचा रेखीवपणा स्पष्ट ढासळतो. दूरच्या झाडावरील पक्ष्याचे पीस उमटत नाही, तेव्हा दोष हाताच्या थरथरीचा की काचेचा, हे फिल्टर काढून पाहिल्यावाचून कळत नाही.

याचा एक प्रत्यक्ष दाखला सांगतो. आपल्याच समाजातील एका होतकरू तरुणाने कर्ज काढून उत्तम लेन्स घेतली. दुकानदाराने 'लेन्सचे रक्षण होईल' असे म्हणून एक फिल्टर तिच्यावर चढवून दिला. त्यानंतर रात्रीच्या एका लग्नात त्याने सप्तपदीची चित्रे घेतली. मांडवात एलईडी दिव्यांच्या माळा होत्या. चित्रांत त्या दिव्यांचे फिकट हिरवे ठिपके नवरीच्या शालूवर आणि भटजींच्या कपाळावर उमटले. गिऱ्हाईक नाराज झाले आणि त्याने ठरलेल्या रकमेतून काही कापून घेतली. तो आमच्याकडे येऊन म्हणाला, 'गुरुजी, लेन्सच खराब निघाली. विकून टाकू का?' आम्ही त्याला संध्याकाळी ओट्यावर बसविले. समोरच्या खांबावरील दिव्याचे एक चित्र फिल्टरसह आणि एक फिल्टर काढून घेण्यास सांगितले. पहिल्या चित्रात वर डाव्या हातास दिवा होता आणि त्याचे भूत खाली उजव्या हातास. दुसऱ्यात नुसता दिवा. कारण साधे आहे. डिजिटल कॅमेऱ्यातील सेन्सर आरशासारखा चकचकीत असतो. तेजस्वी दिव्याचा प्रकाश त्यावरून उलट निघतो, फिल्टरच्या सपाट मागील बाजूवर आदळतो आणि पुन्हा सेन्सरवर येतो. लेन्स विकण्याचे काही कारण नव्हते. रात्री फिल्टर काढून ठेवण्याचे होते. ती लेन्स त्याच्याजवळ अजून आहे आणि तिच्यावरच त्याचा संसार चालला आहे.

ज्या फिल्टरने हा घोळ घातला त्यास यूव्ही फिल्टर म्हणतात. त्याचाही इतिहास समजून घेणे इष्ट आहे. फिल्मच्या काळी त्यास निश्चित काम होते. फिल्म अतिनील किरणांना संवेदनशील असे. डोंगरमाथ्यावर किंवा समुद्रकाठी दूरचे दृश्य निळसर व धूसर येई. यूव्ही फिल्टर ते किरण अडवी. डिजिटल कॅमेऱ्यात हे काम सेन्सरपुढेच बसविलेली एक काच करते. म्हणून आज यूव्ही फिल्टर हा केवळ संरक्षक काच म्हणून उरला आहे. संरक्षणाची गरज मात्र काही प्रसंगी खरी असते. हळदीच्या कार्यक्रमात, गुलालाच्या मिरवणुकीत, सोयाबीनच्या मळणीच्या धुरळ्यात, अक्षतांच्या वर्षावात लेन्सपुढे काच असावी. लेन्स पुसण्यापेक्षा फिल्टर पुसणे बरे. हे प्रसंग वगळता लेन्सचे पुढे आलेले टोपण, ज्यास हूड म्हणतात, ते धक्क्यापासून रक्षण करते आणि तिरप्या प्रकाशापासूनही वाचविते. हूडात काच नसल्यामुळे चित्राची हानी होण्याचा प्रश्नच नाही.

मग विकत घेण्यासारखा फिल्टर कोणता? त्यासाठी एक कसोटी सांगतो. जे काम चित्र घेतल्यानंतर संगणकावर करता येते, त्यासाठी काच घेऊ नये. जे मागाहून कशानेही करता येत नाही, त्यासाठी अवश्य घ्यावी. चित्रात पिवळेपणा आणणे, निळेपणा कमी करणे, रंगीत चित्र कृष्णधवल करणे हे आता मागाहून होते. कृष्णधवल फिल्मच्या काळी पांढरे ढग उठून दिसावेत म्हणून छायाचित्रकार पिवळा, नारिंगी वा लाल फिल्टर बाळगीत. कारण त्यांस दुसरा उपायच नव्हता. आज ते कपाटात ठेवण्याच्या वस्तू झाल्या आहेत. परंतु दोन फिल्टर असे आहेत की त्यांचे काम संगणकास साधत नाही.

त्यांतील पहिला पोलरायझर. रामन यांनी बोटीवर निकोलच्या लोलकाने जे केले, तेच हा करतो. पाणी, काच, झाडांची पाने यांवरून तिरपा परतणारा प्रकाश एकाच पातळीत कंप पावू लागतो. १८०८ साली फ्रान्समधील मालुस या शास्त्रज्ञाच्या हे लक्षात आले. पोलरायझर फिरवून त्याच पातळीतील कंप अडविता येतात. झळाळी गेली की तिच्याखाली दडलेला खरा रंग वर येतो. झळाळीने झाकलेला तपशील चित्रात उमटलेलाच नसेल, तर संगणक तो आणणार कोठून?

याचा प्रयोग करावयास आपणांस दूर जाण्याची गरज नाही. सुलतानपूरपासून थोड्याच अंतरावर लोणारचे जगप्रसिद्ध सरोवर आहे. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि काठापासून सुमारे १३७ मीटर खोल आहे. तेथे जाणारे पुष्कळ तरुण काठावर उभे राहून पोलरायझर फिरवितात आणि पाण्यावरील आकाश पुसले जात नाही म्हणून फिल्टरास दोष देतात. त्यात फिल्टरचा दोष नाही. भूमितीचा प्रश्न आहे. पाण्यावरील झळाळी सर्वांत अधिक कोठे अडते? आपली दृष्टी पाण्याच्या पातळीशी सुमारे ३७ अंशांचा कोन करते तेथे. काठावरून सरोवराच्या मध्याकडे पाहिले, तर १३७ मीटर उंची आणि सुमारे ९०० मीटर अंतर यांचा कोन होतो अवघा ८ ते ९ अंश. तेवढ्या सपाट कोनात पोलरायझर थोडेच काम करतो. वनखात्याचे नियम पाळून खाली पाण्याजवळ गेले आणि चार-पाच पावलांपुढील पाण्याकडे पाहिले, की फिल्टर फिरविताच झळाळी विरते व उथळ पाण्यातील चिखल नि दगड दिसू लागतात. काठावर मात्र त्याचा उपयोग दुसरा आहे. विवराच्या उतारावरील झाडीच्या पानांची चमक तो घालवितो आणि हिरवा रंग भरदार होतो.

आकाशाचा निळा रंग गडद करण्याचेही सामर्थ्य पोलरायझरात आहे. परंतु ते सर्व दिशांना सारखे नसते. सूर्यापासून ९० अंशांवर असलेल्या आकाशाच्या पट्ट्यात ते सर्वाधिक असते. हा पट्टा ओळखण्याची सोपी युक्ती अशी : तर्जनी सूर्याकडे रोखावी, अंगठा तिच्याशी काटकोनात ठेवावा आणि मनगट फिरवावे. अंगठा जेथे जेथे जाईल तेथे फिल्टरचा परिणाम अधिक. सकाळ-संध्याकाळी हा पट्टा उत्तर-दक्षिण असा डोक्यावरून जातो. म्हणून फार रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सने अशा वेळी आकाश टिपले, तर मध्ये गडद डाग आणि दोहोंकडे फिकट असे विचित्र चित्र येते. तेथे पोलरायझर काढून ठेवावा. तद्वतच हा फिल्टर निम्मा, कधी पाऊण प्रकाश खातो. मांडवात किंवा सायंकाळी तो लेन्सवर राहू देऊ नये. घेताना 'सर्क्युलर' प्रकारचा घ्यावा, कारण साध्या प्रकाराने कित्येक कॅमेऱ्यांची फोकसची व प्रकाशमापनाची योजना फसते.

दुसरा उपयुक्त फिल्टर एनडी नावाचा. हा रंगात काही बदल न करता केवळ प्रकाश कमी करतो. डोळ्यांवरील काळ्या चष्म्यासारखा म्हणा. लग्नाचे चलच्चित्र घेणाऱ्यांस याची गरज अधिक. सेकंदास २५ चित्रे घेताना शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतके उघडे ठेवले, तर हालचाल डोळ्यांस स्वाभाविक वाटते. परंतु भर उन्हात हे पाळावे कसे? हिशेब करून पाहा. आयएसओ १०० असता कडक उन्हात एफ १६ आणि सेकंदाचा शंभरावा भाग हे जुने प्रमाण आहे. नवरदेवामागील गर्दी पुसट करावयास एफ ४ ठेवले, तर प्रकाश सोळा पट वाढला. शटर पन्नासाव्या भागावर आणले, तर आणखी दुप्पट. एकूण बत्तीस पट प्रकाश अधिक झाला. म्हणजे येथे एनडी ३२ हाच फिल्टर हवा. हा हिशेब सातवीच्या विद्यार्थ्यासही येतो. दुकानदाराने सांगितले म्हणून भलता क्रमांक घेण्याचे कारण नाही. ओढ्याचे किंवा धारेचे पाणी रेशमासारखे दिसावे म्हणून शटर अनेक सेकंद उघडे ठेवणाऱ्यांस याहून गडद फिल्टर लागतो.

एनडी फिल्टरच्या हलक्या प्रतींत दोन दोष आढळून येतात. एक, त्यांस स्वतःचा रंग असतो. पांढरे धोतर जांभळट किंवा पिवळट येते. दोन, गडद प्रतींत अवरक्त किरण निसटतात आणि नवरदेवाचा काळा कोट तपकिरी दिसतो. फिरवून कमी-अधिक करता येणारा एनडी सोयीचा खरा. परंतु तो शेवटपर्यंत फिरविला, तर रुंद लेन्सवर चित्राच्या मध्ये गडद फुली उमटते. म्हणून त्यावरील खुणांच्या आतच राहावे. आणि एक गंभीर सूचना : असल्या कोणत्याही एनडी फिल्टरातून, कितीही काळा असला तरी, सूर्याकडे पाहू नये. २६ डिसेंबर २०१९ रोजी झालेल्या सूर्यग्रहणासारखा प्रसंग पुन्हा येईल, तेव्हा खास सूर्यासाठी केलेला फिल्टर लेन्सच्या पुढेच बसवावा. चित्र पुन्हा घेता येते. डोळा पुन्हा मिळत नाही.

आता खरेदीच्या वेळी करावयाच्या परीक्षा सांगतो. यांस कोणतेही यंत्र लागत नाही.

पहिली परीक्षा : फिल्टर ट्यूबलाइटखाली धरून तिचे प्रतिबिंब त्यात पाहावे. प्रतिबिंब पांढरे व लख्ख दिसले तर लेपन नाही. मंद आणि हिरवट वा जांभळट दिसले तर लेपन आहे असे समजावे. दुसरी : पांढऱ्या कागदावर फिल्टर ठेवून पाहावे. संरक्षक काचेखाली कागदाचा रंग पालटता कामा नये. एनडीखाली तो राखाडी दिसावा, रंगीत दिसू नये. तिसरी : पोलरायझर मागील बाजूने डोळ्याशी धरून संगणकाच्या पडद्याकडे पाहावे आणि तो फिरवावा. एका स्थितीत पडदा जवळजवळ काळा व्हावयास हवा. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची : भिंतीवर वर्तमानपत्राचे पान लावून, कॅमेरा ट्रायपॉडवर बसवून, एक चित्र फिल्टरसह आणि एक फिल्टरविना घ्यावे. दोन्ही मोठी करून कोपऱ्यातील बारीक अक्षरे वाचावीत. जेथे अक्षर वाचता येत नाही तेथे फिल्टर नापास. शाळेत आम्ही दुसऱ्याने सांगितलेल्या गुणांवर कोणास पास केले नाही. आपणही वेष्टनावरील स्तुतीवर फिल्टरास पास करू नये. पावती अवश्य घ्यावी, म्हणजे नापास झालेला विद्यार्थी परत पाठविता येतो.

काटकसरीची एक गोष्ट येथेच सांगतो. प्रत्येक लेन्सच्या तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो : ५२, ५८, ६७, ७७ असा. प्रत्येकीसाठी वेगळा हलका फिल्टर घेत बसण्यापेक्षा, सर्वांत मोठ्या व्यासाचा एकच उत्तम फिल्टर घ्यावा आणि लहान लेन्ससाठी अल्प किमतीची जोडकडी घ्यावी. कडी केवळ धातूची असते, तिच्यातून प्रकाश जात नाही. तेथे स्वस्ताई केली तरी चित्रास बाधा येत नाही. दोन फिल्टर एकावर एक चढवू नयेत. रुंद लेन्सवर तर त्यांच्या कडा चित्राच्या कोपऱ्यांत काळ्या सावल्या टाकतात.

निगेविषयी थोडक्यात. फिल्टर शर्टाच्या टोकाने किंवा उपरण्याने पुसू नये. आधी रबरी फुग्याने वारा घालून धूळ उडवावी, मग मऊ ब्रश आणि शेवटी स्वच्छ मऊ कापड, या क्रमाने जावे. क्रम चुकला की धुळीचा कण काचेवर घासून लेपन ओरखडते. पोलरायझरच्या दोन काचांमध्ये नाजूक पापुद्रा असतो. तो उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवू नये. फिल्टर लेन्सवर घट्ट बसला, तर जोर न करता त्याच्या कडेभोवती रुंद रबर गुंडाळून हळूहळू फिरवावा.

आता स्मरणिकेसाठी छायाचित्रे पाठविणाऱ्या कुटुंबांसाठी. भिंतीवरील चौकटीतील वडिलांच्या चित्राचे चित्र घ्यावयाचे असते, आणि चौकटीच्या काचेत खिडकी, दिवा आणि फोटो घेणारा स्वतः, असे तिघेही येतात. येथे पोलरायझर लावून भागेल असे काही जण सांगतात. तो तिरप्या परावर्तनावर चालतो. समोरासमोर उभे राहिल्यावर काचेतून परतणाऱ्या प्रकाशावर त्याची मात्रा चालत नाही. आणि तिरपे उभे राहिले तर वडिलांचा चेहरा वाकडा येतो. यास्तव सर्वांत चांगला फिल्टर म्हणजे कोणताच फिल्टर नाही. चौकट मागून हलक्या हाताने उघडून चित्र काचेबाहेर काढावे. ते काचेस चिकटले असेल तर मात्र ओढू नये; तसेच राहू द्यावे. मग चौकट खिडकीच्या बाजूच्या भिंतीशी उभी करावी, घरातील दिवे मालवावेत आणि कॅमेऱ्यामागे काळी चादर धरावी, म्हणजे काचेत काळोखाचेच प्रतिबिंब पडेल. यास एक पैसाही खर्च नाही. या रीतीने घेतलेली चित्रे यंदाच्या स्मरणिकेत आपण पाहालच.

शेवटी दुसऱ्या एका फिल्टराविषयी बोलणे प्राप्त आहे. तो काचेचा नाही, भ्रमणध्वनीत असतो. बोट लावताच चेहरा गोरा, गाल तुळतुळीत आणि आकाश केशरी करणाऱ्या युक्तीसही आता फिल्टरच म्हणतात. नाव एक असले तरी धर्म उलट आहे. काचेचा चांगला फिल्टर वस्तूवरचे आवरण दूर करतो. हा आवरण चढवितो. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. ती चित्रे देशभर पसरली, तेव्हा हे खरे की भ्रमणध्वनीची करामत, अशी शंका पाहणाऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक होते. पाण्याचे नमुने तपासून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्म जीव असल्याचे सांगितले. त्याच वर्षी सरोवरास रामसर यादीत स्थान मिळाले. खऱ्या गुलाबी रंगावरही चटकन विश्वास बसू नये, एवढी या करामतींनी छायाचित्रांची पत घालविली आहे.

तीच गोष्ट आपल्या वधू-वर सूचीची. मुलीचा सावळा रंग पुसून पाठविलेले चित्र पाहून स्थळ येते, पाहण्याच्या दिवशी पाहुण्यांच्या चेहऱ्यावरील भाव पालटतो, आणि तो पालटलेला भाव ती मुलगी बघते. माता-भगिनींनो, आमच्या वर्गात सावळ्या मुली होत्या. फळ्यावरचे गणित सोडविताना त्यांचे जे तेज आम्ही पाहिले आहे, ते कोणत्याही भ्रमणध्वनीला उमटविता येणार नाही. तिला खिडकीशी, सकाळच्या मऊ उजेडात बसवा, लेन्स स्वच्छ पुसा आणि जशी आहे तशी टिपा. तशा चित्रावरून येणारे स्थळ तिच्यासाठीच आलेले असेल.

तरुण बंधूंनो, तुमच्या हातून जी चित्रे निघतील ती पन्नास वर्षांनी कोणाच्या तरी घरी आजोबा-आजींची एकमेव ओळख म्हणून उरतील. तेव्हा लेन्सपुढे काच चढविताना दर वेळी स्वतःस विचारा, ही काच आज काय काम करणार आहे? उत्तर मिळाले तर चांगल्यातली चांगली, स्वच्छ, आणि एकच लावा. उत्तर न मिळाले तर ती डबीत ठेवा.

 व्याख्यानानंतर वर्तमानपत्राचे पान, ट्यूबलाइट व कॅमेरा घेऊन आम्ही सभागृहाच्या ओसरीवर बसणार आहो. ज्यांच्याजवळ फिल्टर आहेत त्यांनी ते परीक्षेस बसवावेत. एवढे बोलून आम्ही आपले भाषण संपवितो.